गिनी गवत ओळखायचं कसं: रुळांच्या कडेपासून आरेपर्यंत

ऑगस्ट संपता संपता लोकलच्या दारातून बाहेर पाहिलंत, तर रुळांलगतच्या उतारावर छातीएवढं, वरून कमानीसारखं झुकलेलं गवत दिसतं. त्याच्यावर जांभळट धुकं साचल्यासारखे मोकळे फुलोरे असतात. हेच गवत सोसायटीच्या मागच्या भिंतीला असतं, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात असतं, वर्षावृक्षाच्या सावलीत असतं. मुंबईकर ते रोज पाहतो आणि त्याला ‘गवत’ म्हणून सोडून देतो. त्याचं नाव गिनी गवत. ते मूळचं आफ्रिकेतलं, बहुवर्षायू म्हणजे अनेक वर्षं जगणारं, आणि आपल्या टेकड्यांवरच्या जुन्या गवतांची जागा घेण्याची ताकद असलेलं.

मी काही वर्षं पावसाळ्यात गवतं पाहत फिरते. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. गवत त्याच्या जागेसकट ओळखावं. नुसतं फुलोऱ्याचा फोटो काढून नाव विचारलं, तर निम्म्या वेळा चुकीचं उत्तर मिळतं. माती, ओल, सावली, बुडखा, मग पान, मग फुलोरा, शेवटी भिंगाखालचा दाणा, या क्रमाने गेलात तर गिनी गवत चुकणार नाही. म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी थोडं नावाविषयी, कारण शोधताना गोंधळ इथेच होतो. जुन्या पुस्तकांत हे गवत ‘पॅनिकम मॅक्झिमम’ या नावाने सापडेल. हे नाव जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८१ साली दिलं. पुढे काहींनी ते ‘युरोक्लोआ’ या प्रजातीत हलवलं आणि २००३ पासून त्याला ‘मेगाथिर्सस मॅक्झिमस’ म्हटलं जातं. तिन्ही नावं एकाच गवताची. भारतात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस चाऱ्यासाठी आणलं गेलं. आजही शेतकरी त्याचे ठोंब लावतात आणि गोठ्यासाठी कापतात. तेव्हा चाऱ्याच्या शेतातलं गिनी आणि शहरात मोकाट वाढलेलं गिनी ही एकच वनस्पती. शेतात तिच्यावर विळा फिरत राहतो, शहरात तो फिरत नाही.

निघण्याआधी

उत्तम काळ म्हणजे मध्य ऑगस्ट ते नोव्हेंबर. जून-जुलैत फुटवे असतात पण फुलोरा क्वचित, आणि फुलोऱ्याशिवाय गवत ओळखणं नवख्याने करू नये. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान पट्टी, जुनं वर्तमानपत्र, पेन्सिल (पावसात शाई पसरते) आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घ्या. गिनीच्या पानाची कड खरखरीत असते आणि उघड्या हातावर बारीक चिरे पडतात. त्यावर घाम लागला की दिवसभर चुरचुरतं.

पायात गमबूट हवेत. गवताच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने गवत हलवा, कारण घोणस आणि फुरसं दोन्ही अशा जागी बसतात. साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेने उतरू नका. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण आढळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आरेत किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला जाणार असाल, तर सकाळी लख्ख उजेडात आणि किमान दोघांनी जा. तिथे बिबटे आहेत. उंच गवतात संध्याकाळी वाकून बसलेला एकटा माणूस, ही परिस्थिती आपणहून निर्माण करू नये. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काहीही तोडायचं नाही. तिथे फक्त पाहा आणि फोटो घ्या.

पहिली पायरी: जागा वाचा

गवताजवळ गेल्यावर लगेच वाकू नका. दहा पावलं मागे उभं राहून चार प्रश्न विचारा. माती खोल आहे की कातळावरचा पातळ थर? पाणी साचतं की वाहून जातं? सावली किती? आणि इथे माणसाने काय उलथापालथ केली आहे?

गिनीला खोल, खत असलेली, निचऱ्याची माती आवडते. रस्ता रुंद करताना कडेला टाकलेला भराव, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला चर, जुना उकिरडा, गोठ्यामागची शेणखताने काळी झालेली पट्टी, या त्याच्या हक्काच्या जागा. मुंबईत अशी जमीन पावलोपावली आहे, म्हणून ते इतकं दिसतं. दुसरी खूण सावलीची. आपली बहुतेक डोंगरगवतं उघड्या उन्हाची. गिनी मात्र झाडाखालच्या अर्धवट सावलीतही जोमाने वाढतं. गुलमोहर, वर्षावृक्ष किंवा सुबाभळीच्या खाली कमरेपेक्षा उंच, ठोंबाठोंबाने वाढलेलं रुंद पानांचं गवत दिसलं, की पहिला अंदाज गिनीचा करायला हरकत नाही.

उलट बाजूही तितकीच कामाची आहे. महिनोन्महिने पाणी साचून राहणाऱ्या जागी गिनी टिकत नाही, तिथे दुसरा उमेदवार असतो आणि त्याच्याकडे आपण पुढे येऊच. कान्हेरीच्या बाजूच्या कातळांवर, बोटभर मातीत, पावसाळ्यात जी गवतं डोलतात त्यांत मला गिनी जोमात आलेलं दिसलेलं नाही. तिथे कुसळी असते, मारवेलाची भावंडं असतात, आणि कितीतरी बुटकी गवतं असतात, ज्यांचं आयुष्य जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या आत संपतं. टेकडीच्या पायथ्याशी, जिथे रस्ता किंवा पायवाट कापून गेली आहे, तिथून मात्र गिनीची रांग सुरू होते. ही सीमारेषा एकदा डोळ्यांनी पाहाच. पुढच्या दहा वर्षांत ती वर सरकते की नाही, याकडे मुंबईतल्या निसर्गप्रेमींनी लक्ष ठेवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी पायरी: ठोंब

आता वाका. गवत बाजूला सारून बुडाकडे पाहा. गिनी ठोंबाने वाढतं. एका जागेवरून अनेक फुटवे सरळ वर येतात आणि बुडखा घट्ट, कधीकधी ताटाएवढा रुंद असतो. जमिनीखाली आखूड, जाड खोड असतं आणि त्यावर गेल्या हंगामातल्या वाळलेल्या काड्यांचे सड उभे दिसतात. हे जुने सड म्हणजे बहुवर्षायूपणाचा पुरावा. वर्षायू गवत उपटलं तर मुळांचा नाजूक झुपका हातात येतो आणि बुडाशी जुनं काही नसतं. गिनीचा ठोंब हाताने उपटून पाहा, बहुधा उपटला जाणार नाही.

उंची अर्ध्या मीटरपासून तीन मीटरपर्यंत काहीही असू शकते, म्हणून उंचीवर विसंबू नका. फुटपाथच्या भेगेत गुडघ्याएवढं गिनी फुलतं आणि गोठ्यामागे तेच डोक्यावरून जातं. काड्यांची पेरं बोटाने चाचपा. खालच्या पेरांवर पुष्कळदा लव लागते. मात्र काही वाणांत ती जवळजवळ नसते, त्यामुळे ‘लव नाही, म्हणजे गिनी नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

तिसरी पायरी: पान आणि जिभली

पातं लांब, टोकाकडे निमुळतं, एक ते साडेतीन सेंटिमीटर रुंद असतं आणि मधोमध पांढरट, ठसठशीत शीर असते. ज्वारीच्या पानाची आठवण होते. पातं जिथे काडीला वेढणाऱ्या म्यानाला मिळतं, तिथे ते हळूच मागे वाकवा. आतल्या कोनात एक-दीड मिलिमीटरचा पातळ पडदा दिसेल, काठावर केसांची झालर असलेला. हीच जिभली. गवत ओळखणाऱ्यांना हा भाग फार प्रिय असतो, कारण फुलोरा नसतानाही तो काहीतरी सांगतो. गिनीपुरतं मात्र सांगते, जिभलीने खात्री होत नाही, फक्त काही उमेदवार बाद होतात. नोंदीत लिहून ठेवा आणि पुढे चला.

चौथी पायरी: फुलोरा

इथे मात्र थांबा, कारण खरी ओळख इथे आहे.

गिनीचा फुलोरा मोठा, मोकळा, चहूबाजूंनी फाकलेला असतो, वीतभर ते हातभर. मधल्या दांडीवरून बारीक फांद्या निघतात, त्यांना आणखी बारीक फांद्या फुटतात, आणि टोकांना तिळाएवढी कणिशकं, म्हणजे दाणा पोटात धरणारे फुलोऱ्याचे बारीक घटक, लोंबतात. आता फुलोऱ्याचा अगदी खालचा सांधा शोधा, जिथून पहिल्या फांद्या निघतात. तिथे एकाच पातळीवरून चार-पाच किंवा अधिक फांद्या चक्रासारख्या गोल निघालेल्या दिसतील, छत्रीच्या काड्या निघाव्यात तशा. त्याच्या वरच्या फांद्या मात्र एकेकट्या किंवा अनियमित असतात. या सर्वांत खालच्या चक्राच्या बेचक्यात भिंग लावलं तर मऊ, पांढरे, विरळ केसही दिसतात.

हे खालचं चक्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते गोरेगावहून आरेत शिरणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पाऊस नुकता थांबला होता. प्रत्येक फांदीवर थेंब होते, आणि त्या थेंबांमुळेच सगळ्या फांद्या एका बिंदूतून निघतात हे डोळ्यांत भरलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, फुलोऱ्याचा फोटो काढताना टोकाचा सुंदर भाग सोडा आणि खालचा सांधा टिपा. नेमका तोच फोटो लोक काढत नाहीत.

रंगाकडे फार लक्ष देऊ नका. हिरवट ते गडद जांभळा, सगळे रंग गिनीत दिसतात. हाताने फुलोरा खालून वर कुरवाळा. काही टोचत नाही, कपड्याला काही चिकटत नाही, कारण कणिशकांना कुसं नसतात. पिकलेली कणिशकं मात्र हाताबरोबर सहज झडतात. एकाच फुलोऱ्यात काही पिकलेली, काही कोवळी असतात, म्हणून आठवडेच्या आठवडे बी जमिनीवर पडत राहतं. ठिपकेवाल्या मुनियांचे थवे याच दिवसांत या गवताच्या काड्यांना लटकलेले दिसतात, आणि ते बी त्या आवडीने खातात. त्या पाखरांकडे पाहून मलाही या गवताविषयी नुसता राग धरता येत नाही.

पाचवी पायरी: भिंगाखालचा दाणा

पिकलेली चार-पाच कणिशकं तळहातावर घ्या. प्रत्येक सुमारे तीन मिलिमीटर लांब, लंबगोल. सर्वांत बाहेरच्या दोन टरफलांपैकी एक अगदी आखूड, रुंद, बोथट, कणिशकाच्या जेमतेम एक तृतीयांश असतं. दुसरं पूर्ण लांबीचं. नखाने ती टरफलं सोला, म्हणजे आत फिकट रंगाचं कडक कवच लागेल. आता भिंग डोळ्याला टेकवा आणि तळहात वर आणत आणत ते नीट दिसेल तिथे थांबा. उजेड बाजूने येऊ द्या. कवचावर आडव्या, बारीक सुरकुत्या दिसतात, एकाखाली एक, ओल्या वाळूवर लाटेने सोडलेल्या रेघांसारख्या.

या सुरकुत्यांनीच शास्त्रज्ञांना या गवताचं जुनं नाव बदलायला लावलं. ‘पॅनिकम’ प्रजातीतल्या गवतांचं हे कवच गुळगुळीत आणि चकचकीत असतं. उपवासाला आपण जी वरी खातो, ती त्याच पॅनिकमची. कवच न काढलेली वरी कुठे मिळाली तर तिचा एक दाणा आणि गिनीचा एक दाणा शेजारी ठेवून पाहा. एक चमकतो, दुसरा सुरकुतलेला. मुलांना गवत शिकवायचं असेल तर याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

चक्राकार खालच्या फांद्या आणि सुरकुतलेला दाणा, या दोन खुणा एका ठोंबात मिळाल्या, आणि जागाही जुळली, की तुमचं गवत गिनी आहे असं निर्धास्त लिहा.

ज्यांच्याशी घोटाळा होतो ती गवतं

सर्वांत मोठा घोटाळा पॅरा गवताशी. तेही आफ्रिकेतलंच, तेही बहुवर्षायू, तेही चाऱ्यासाठी आणलेलं. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली. शहरातल्या म्हशी तिथे हलवल्या, आणि त्यांच्या हिरव्या चाऱ्यासाठी ओलाव्याच्या सखल जागी पॅरा गवताची लागवड झाली. म्हणून आरेत गिनी आणि पॅरा शेजारी शेजारी भेटतात आणि नवखा माणूस गोंधळतो. मीही सुरुवातीला नाल्याकाठच्या पॅराची नोंद गिनी म्हणून केली होती. ती चूक मला तिथे चारा कापणाऱ्या एका मावशींनी दाखवली. भारा बांधता बांधता त्या म्हणाल्या, “ताई, गिनी उभं राहतं. हे बघा, पॅरा लोळतं.” आणि त्यांनी एक काडी ओढली, तर पाच हात लांब निघाली, पेरापेराला मुळं फुटलेली.

लोळणं हाच फरक. पॅरा जमिनीवर, चिखलावर, पाण्यावर आडवं पसरतं, पेरांना मुळं सोडतं आणि मग टोकं वर उचलतं. पेरांवर दाट पांढरी लव असते. फुलोराही वेगळा. मधल्या दांडीवर अंतराअंतराने कणसांसारख्या साध्या फांद्या, आणि त्यांच्यावर कणिशकं दाटीने चिकटलेली. गिनीचा धुक्यासारखा मोकळेपणा त्यात नसतो.

हत्तीगवत, ज्याला शेतकरी नेपियरही म्हणतात, ते लांबून गिनीसारखं भासतं. पण काडी उसासारखी जाड असते आणि फुलोरा बाटली घासायच्या ब्रशसारखा, केसाळ, पिवळसर. एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

खरी परीक्षा घेतो तो बरू, म्हणजे ज्वारीचा रानटी भाऊबंद. त्याचाही फुलोरा मोकळा, त्याच्याही खालच्या फांद्या चक्रात येऊ शकतात, त्याच्याही पानाची शीर पांढरी. इथे चौथी पायरी पुरत नाही, पाचवीच लागते. बरूची कणिशकं जोडीने असतात, एक बिनदेठाचं फुगीर आणि शेजारी देठ असलेलं बारीक. फुगीर कणिशक कडक, चकाकणारं असतं, पुष्कळदा त्याला मुरडलेलं कुस असतं. जमिनीखाली लांब, खवल्यांची खोडं दूरवर धावतात. गिनीत यातलं काही नाही.

नोंद कशी ठेवायची

फोटो पाच घ्या: जागेसकट अख्खा ठोंब, बुडखा, जिभली, फुलोऱ्याचा खालचा सांधा, आणि पट्टीशेजारी ठेवलेली कणिशकं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची असेल तर पाचही एकाच नोंदीत टाका, एकाच फोटोवरून कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

नमुना दाबायचा असेल तर बुडख्याचा तुकडा, एक पूर्ण काडी आणि फुलोरा हवा. गवत कागदापेक्षा लांब असतं, म्हणून काडी चिरडू न देता नागमोडी दुमडा. मुंबईच्या पावसाळ्यात वर्तमानपत्र रोज बदला, दोन दिवस विसरलात तरी बुरशी येते. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण आणि उंची तर लिहाच, पण माती, ओल, सावली आणि शेजारी उगवलेली झाडंही लिहा, कारण वाळलेल्या नमुन्यातून ही माहिती पुन्हा कधीच काढता येत नाही. शंका राहिली तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम हे मुंबईच्या गवतांचे जुने नमुने सांभाळणारं ठिकाण आहे. तिथे आधी विचारून, नीट दाबलेला नमुना घेऊन जा.

ओळखल्यावर पुढे काय

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि उत्तर जागेनुसार बदलतं. रुळांकडेच्या भरावावर, जिथे दुसरं काही तग धरणार नाही, तिथे गिनी माती धरून ठेवतं आणि मुनियांना दाणा देतं. त्याच्यामागे लागायचं कारण नाही. टेकडीवर, जिथे जुनं गवताळ रान अजून शाबूत आहे, तिथे मात्र पहिला ठोंब दिसताच काढावा. फुलोरा येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, कुदळीने आखूड खोडासकट. नुसतं वरून कापलं तर ते दुप्पट फुटवे काढतं. चाऱ्याचं गवत म्हणून त्याची निवड याच गुणामुळे झाली. बरंचसं बी नर-मादी पेशींच्या मीलनाशिवायच तयार होतं, त्यामुळे एकटा ठोंबसुद्धा स्वतःसारखी शेकडो रोपं मागे ठेवू शकतो.

जाळू तर अजिबात नये. वरचा पाला जळतो, खालचं खोड जिवंत राहतं आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतं. शिवाय वाळलेलं गिनी आगीला भरपूर इंधन देतं. हवाईतल्या लाहायनात ऑगस्ट २०२३ मध्ये जो वणवा शहरात शिरला, त्याच्या मागे पडीक शेतांत माजलेली बाहेरची गवतं होती, आणि गिनी त्यांतलंच एक. आपल्याकडेही फेब्रुवारीपासून टेकड्यांवर वणवे लागतात. झाडांच्या बुंध्यापर्यंत गिनीचा वाळका भारा पोहोचला असेल, तर आग झाडापर्यंत जाते.

एका सोसायटीत मी हताश होऊन पाहिलं आहे की, ‘तण काढा’ म्हटल्यावर माणसांनी उतारावरची बुटकी देशी गवतं सगळी खरवडून काढली आणि गिनीचे ठोंब हिरवे, टवटवीत दिसतात म्हणून राखले. पुढच्या पावसाळ्यात तो उतार अख्खा गिनीचा झाला. काम सुरू होण्याआधी कोणी पाच मिनिटं भिंग घेऊन बसलं असतं, तर तो उतार वाचला असता.

परत येताना बुटांचे तळवे, पँटची दुमड आणि पिशवीचा तळ तिथेच झटका. कणिशकं तिथे लपून घरापर्यंत येतात.

आणि एक ठोंब निवडून ठेवा. त्याच्या शेजारी दगड मांडा, फोनमध्ये जागा टिपा आणि मार्चमध्ये परत जा. आजूबाजूची देशी गवतं तोवर पिवळी पडून मोडलेली असतील. गिनीचा वरचा भागही वाळलेला असेल. वाळक्या काड्या बाजूला सारून बुडख्यावर बोट ठेवा. तिथे, सडांच्या मधोमध, बोटाएवढा हिरवा फुटवा उभा असेल.